नवस, सोंग आणि झोळी : डॅनी थॉमसची गोष्ट खानदेशच्या मंचावर कशी उभी करावी

मदतनिधीसाठी हास्याचा कार्यक्रम ठरला की तालुक्याच्या गावात पहिली सूचना ठरलेली असते : टीव्हीवरचा एखादा विनोदवीर आणू. मग त्याचं मानधन, गाडी, मुक्काम, सोबतची दोन माणसं, मोठा मंडप. हिशोब बसतो तेव्हा मदतीसाठी उरलेली रक्कम पाहून कुणी काही बोलत नाही. दुसरा मार्ग स्वस्त आहे, कष्टाचा आहे आणि पुन्हापुन्हा करता येतो. गावातल्याच एका चांगल्या बोलणाऱ्या माणसाला घेऊन सत्तर मिनिटांचा एकपात्री बसवायचा. विषय असा घ्यायचा की त्यात हसूही आहे आणि मागणंही. अमेरिकेतला विनोदी कलाकार डॅनी थॉमस याचं आयुष्य या कामाला फार चांगलं बसतं. त्याला नवसाचा कणा आहे, आणि नवस बोलणं-फेडणं म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मराठीतली उदाहरणं नाहीत असं नाही. पु. ल. देशपांडे दिल्लीच्या दूरदर्शनवर अगदी सुरुवातीच्या काळात होते. एकपात्री प्रयोगांतून आलेला पैसा त्यांनी आणि सुनीताबाईंनी संस्थांना दिला. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभं राहिलं तेव्हा त्यांची मदत पायाशी होती. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी गावोगाव नाटकाचे प्रयोग केले. मकरंद अनासपुरे आणि नाना पाटेकर यांची ‘नाम’ २०१५ ची. पण या माणसांवर एकपात्री करायला गेलं की लोकांना त्यांचीच वाक्यं ऐकायची असतात. ती वाक्यं हक्काची आहेत : लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो, म्हणजे पुलंचं लेखन २०६० संपेपर्यंत परवानगीशिवाय मंचावर म्हणता येणार नाही. शिवाय नक्कल फसली की सगळाच कार्यक्रम फसतो. डॅनी थॉमस कसा बोलायचा हे आपल्याकडे कुणालाच माहीत नाही. नक्कल जमली की नाही हे कोण तपासणार?

आधी माणूस नीट समजून घ्या

संहितेला हात लावण्याआधी ही माहिती पाठ हवी. जन्म ६ जानेवारी १९१२, मिशिगन राज्यातलं डीअरफील्ड. आईबाप लेबनॉनच्या डोंगराळ बशरी गावातून आलेले, मॅरोनाइट ख्रिस्ती, घरात पोरांची रांग. वाढला ओहायोतल्या टोलेडोत. पोरवयात पेपर विकले, मग एका नाचगाण्याच्या थिएटरात खुर्च्यांच्या रांगांमधून गोळ्या-चॉकलेटं विकली आणि तिथेच मंचावरच्या विदूषकांना रोज पाहून टायमिंग शिकला. खरं नाव अमोस. १९४० मध्ये शिकागोच्या क्लबात काम धरलं, पण क्लबात उभं राहतो हे घरच्यांना कळू नये म्हणून दोन भावांची नावं जोडून ‘डॅनी थॉमस’ झाला.

त्याच्या आधीची गोष्ट डेट्रॉइटची. बायको गरोदर, काम तुटपुंजं. चर्चमध्ये दानपेटी फिरली तेव्हा खिशातले शेवटचे ७ डॉलर त्याने टाकले. तो स्वतः सांगायचा की दुसऱ्याच दिवशी त्याच्या दहापट मोबदल्याचं काम आलं. पुढे त्याने संत ज्यूडला, म्हणजे सगळीकडून हरलेल्यांच्या संताला, नवस बोलला : मला वाट दाखव, मी तुझं ठाणं उभारीन.

वाट सापडली. सिनेमावाल्यांनी नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायला सांगितलं, त्याने नकार दिला. १९५३ ते १९६४ अशी अकरा वर्षं त्याची कौटुंबिक विनोदी मालिका टीव्हीवर चालली. त्यात तो क्लबात काम करणारा, सतत घराबाहेर असणारा बाप होता, म्हणजे जवळपास स्वतःच. पुढे त्याने इतरांच्या गाजलेल्या मालिकांची निर्मिती केली.

ठाण्याचं झालं इस्पितळ. शिकागोचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल स्ट्रिच यांनी मेम्फिस शहर सुचवलं. पैसा उभा करायला १९५७ मध्ये त्याने अरब वंशाच्या अमेरिकनांची ‘अल्सॅक’ ही संस्था काढली. ४ फेब्रुवारी १९६२ रोजी सेंट ज्यूड बालसंशोधन रुग्णालय उघडलं. त्या काळी लहान मुलांच्या सर्वांत नेहमी आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात शंभरातली चारच मुलं वाचत. आज चांगल्या उपचारात नव्वदहून जास्त वाचतात आणि या बदलात त्या इस्पितळाच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. रुग्णाच्या कुटुंबाला बिल दिलं जात नाही. १९८५ मध्ये त्याला अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक मिळालं. ६ फेब्रुवारी १९९१ रोजी तो गेला, इस्पितळाच्या वर्धापनदिनानंतर दोन दिवसांनी, आणि त्याच आवारात त्याला पुरलं आहे.

एवढं पुरे. याहून जास्त तारखा मंचावर नेल्या तर त्याची शाळा होते. वरच्यातल्याही चारच सनावळ्या मोठ्याने उच्चारायच्या : १९१२, १९५३, १९६२, १९९१. बाकी सगळं ‘तवा’, ‘मंग’, ‘पुढे’ यांवर भागवायचं.

सत्तर मिनिटांची वाटणी

मंचावर बोलण्याचा वेग, हशाच्या जागा धरून, मिनिटाला नव्वद ते शंभर शब्दांच्या वर जाऊ नये. म्हणजे संहिता साडेसहा हजार शब्दांची. पहिल्या खर्ड्यात ती नऊ हजार होते. कापायला आधी बालपण घ्या, कारण लिहिणाऱ्याला ते फार आवडतं आणि ऐकणाऱ्याला पाच मिनिटांत पुरतं.

पहिली आठ मिनिटं नाव आणि घर. आठ ते अठरा, थिएटरातला गोळ्या विकणारा पोऱ्या. इथे तमाशाच्या तंबूत शेंगदाणे-फुटाणे विकणारं पोरगं उभं केलं की प्रेक्षक लगेच आत येतो. अठरा ते सव्वीस, सात डॉलर आणि नवस. सव्वीस ते अडतीस, क्लब, नाक आणि जॅकची गोष्ट (ती पुढे सांगितली आहे). हा सगळ्यात मोठ्या हशाचा पट्टा. अडतीस ते अठ्ठेचाळीस टीव्ही आणि घरी नसणारा बाप. अठ्ठेचाळीस ते अठ्ठावन्न इस्पितळ. मग चार मिनिटं झोळीचं बोलणं. उरलेली आठ मिनिटं पुन्हा हशा आणि शेवट.

झोळी शेवटाला न ठेवता बासष्टाव्या मिनिटाच्या आत का, हे खाली येईल. त्याआधी एक मोह सांगून ठेवतो. सात डॉलर दानपेटीत टाकण्याचा प्रसंग आला की आयोजकाला वाटतं, झोळी आत्ताच फिरवा. फिरवू नका. गोष्ट अर्धी आहे, पैसे कशाला हे अजून कळलेलं नाही. लोकांना वाटतं आपल्याला बोलावून कोंडीत पकडलं. जो दहाची नोट टाकतो तो पुढे पाचशे टाकत नाही, कारण त्याच्या मनाने देऊन झालेलं असतं.

बोली कोणती?

खानदेशी म्हणून एकच बोली धरणं ही पहिल्या दहा मिनिटांत दिसणारी चूक. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात अहिराणी. रावेर, यावल, भुसावळ, जामनेरकडे तावडी आणि लेवा बोली. शहाद्याकडे गुजर बोली, सातपुड्यात भिलोरी आणि पावरी. अहिराणीतलं ‘शे’ आणि ‘मना-तुना’ सावद्यात म्हटलं तर लोक हसतात, पण बोलणाऱ्याला हसतात.

सोपा नियम असा. निवेदन साध्या मराठीत ठेवा, पात्रांची बोलणी त्या पट्ट्याच्या बोलीत. डॅनीची आई, क्लबाचा मालक, जॅकवाला या तिघांच्या तोंडी बोली पुरे. डॅनी स्वतः बोली बोलतो की प्रमाण, हे एकदा ठरवा आणि बदलू नका. बोली लिहिणाऱ्याची मातृभाषा तीच हवी. पुस्तकातून उचललेली अहिराणी म्हातारी बाई दुसऱ्या वाक्याला ओळखते.

बोलीत एक तांत्रिक अडचण आहे. अहिराणी वाक्य ‘शे’वर उतरतं आणि तिथे आवाज पडतो. शेवटचं अक्षर माईकमध्ये जातच नाही आणि नेमका पंच, म्हणजे हशा आणणारा शब्द, तिथेच असतो. पंचाचा शब्द क्रियापदाच्या आधी ओढा, किंवा शेवटचं अक्षर मुद्दाम चढं ठेवा.

नवसाच्या भागात स्थानिक देवीचं नाव घेऊन विनोद करू नये. संत ज्यूडला ‘त्यांच्याकडचं नवसाचं ठाणं’ म्हटलं की काम होतं. कानबाई किंवा मनुदेवीशी तुलना गंभीर वाक्यात चालते, हशाच्या वाक्यात नाही.

जॅकची गोष्ट

डॅनी थॉमसने मंचावर लोकप्रिय केलेली ही लांबवलेली गोष्ट एकपात्रीचा मधला खांब आहे. गाडीवाल्याचं टायर रात्री आडरानात पंक्चर होतं, जॅक नाही, दूर दिवा दिसतो. चालता चालता तो मनातच समोरच्याशी भांडायला लागतो, आणि दार उघडताच त्या बिचाऱ्यावर ओरडतो. आपल्याकडे फैजपूर-सावदा रस्त्यावर केळीने भरलेला ट्रॅक्टर घ्या. अहिराणी पट्ट्यात पारोळ्याकडून धुळ्याला निघालेली कापसाची पिकअप.

बसवण्याची रीत : रागाच्या पाच पायऱ्या. पहिलीत मनातला माणूस जॅकचे पन्नास रुपये मागतो, दुसरीत दोनशे, तिसरीत पाचशे. चौथीत तो ट्रॅक्टर गहाण ठेवायला सांगतो, पाचवीत त्याच्या आज्याने आपल्या आज्याचा बांध कोरल्याचं आठवतं. प्रत्येक पायरीला चाल वाढते, आवाज मात्र पाचवीपर्यंत वाढवायचा नाही. तो तिसरीलाच वाढला तर पुढे जायला जागा उरत नाही. ही गोष्ट मंचावर पडते ती बहुतेक याच कारणाने. दार उघडतं, झोपेतला माणूस मवाळपणे विचारतो, ‘काय भो?’ आणि एकच वाक्य, अहिराणी पट्ट्यात असं : ‘ऱ्हाऊ दे तुना जॅक तुनाजोडे!’ त्यापुढे एक शब्दही नाही. चार सेकंद तसंच उभं राहायचं. हशा अर्ध्यावर उतरला की पुढचं वाक्य, पूर्ण विरल्यावर नाही.

एकूण वेळ सहा मिनिटं. चारमध्ये उरकली तर राग खरा वाटत नाही, आठवर गेली तर मागच्या रांगेतली माणसं तपकीर काढतात.

चहाची पिचकारी

टीव्हीवर डॅनीची ओळख होती ती कॉफीचा घोट घेता घेता धक्कादायक काही ऐकून तोंडातलं फवारण्याची. ही युक्ती एकपात्रीत दोनदाच वापरा. चहा नको, साखरेने फळी चिकट होते आणि शर्टावर डाग राहतो. कपात साधं पाणी, दोन घोटांइतकंच. मागून एक दिवा सोडला तर पाण्याचे थेंब चमकतात, चहाचे दिसतही नाहीत. तोंड पहिल्या रांगेपासून बाजूला वळवलेलं, वायर ज्या बाजूला आहे त्याच्या उलट. गालावर चिकटवलेला माईक असेल तर त्या बाजूने फवारू नका, ओला झाला की खरखर सुरू होते. नंतर त्याच सोंगात खिशातला रुमाल काढून फळी पुसायची. त्यालाही हशा येतो आणि पाय घसरत नाही.

तालीम आणि चाचणी

पाठांतराला एक महिना, उभ्याने तालमी किमान पंधरा. त्यानंतर तीन चाचण्या तीन वेगळ्या माणसांपुढे : ओट्यावरची पंधरा-वीस शेजारी मंडळी, एखादा महिला बचत गट, आणि कॉलेजची पोरं. एकाने वही घेऊन मागे बसावं आणि प्रत्येक विनोदापुढे शून्य, एक किंवा दोन लिहावं. दोन चाचण्यांत शून्य पडलेलं वाक्य काढा, लेखक कितीही रुसला तरी. बचत गटात दोन आणि कॉलेजात शून्य असेल तर ठेवा. खऱ्या कार्यक्रमात हशा बहुधा बायकांकडून सुरू होतो.

म्हणूनच बसण्याची रचना महत्त्वाची. पुढे सोफा टाकून मान्यवर बसवले की पहिली रांग मुकी होते, कारण मान्यवर आधी एकमेकांकडे बघतात आणि मग हसतात. सोफा बाजूला, मंचाकडे तिरपा. मध्ये पुढे बायका आणि पोरं. सतरंजीवर माणसं खुर्च्यांपेक्षा दाट बसतात आणि दाट बसलेली माणसं लवकर हसतात. दोनशे माणसांना पाचशे खुर्च्या मांडल्या तर जगातला कुणी कलाकार त्यांना हसवू शकत नाही.

आवाज

तालुक्याच्या साउंडवाल्याला लग्न, कीर्तन आणि डीजेची सवय. तिघांतही त्याचा हात आधी इकोच्या बटणावर जातो. इकोमध्ये विनोद मरतो, कारण मागचं अक्षर पुढच्यावर चढतं. लेखी सांगा : इको शून्य, बास कमी, दोन्ही बाजूंना स्पीकर बसलेल्यांच्या डोक्याच्या वर, कलाकाराकडे तोंड केलेला एक छोटा मॉनिटर स्पीकर. हातातला माईक तोंडापासून दोन बोटांवर. उघड्या मैदानावर माईकला स्पंजची टोपी हवीच, नाहीतर वाऱ्याची फरफर. जनरेटर निदान शंभर फूट लांब. दुपारी चार वाजता रिकाम्या जागेत चाचणी झाली तरी माणसं भरल्यावर आवाज पडतो, म्हणून साउंडवाल्याने पहिली दहा मिनिटं जागेवरून उठायचं नाही. चहा त्याला तिथेच द्या.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. कार्यक्रम साडेसातला सुरू करायचा तर पत्रिकेवर सात छापा.

तारीख

कापसाचा पैसा दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत हातात असतो. केळीचा बारमाही असला तरी भाव पडला की हातही आखडतो. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, लाउडस्पीकरवरून तक्रार होते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात आणि बायकांचा प्रेक्षक भरपूर मिळतो, पण जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा ४३-४४ वर असतो. करायचाच तर उघड्यावर, सूर्य बुडाल्यावर आणि पाण्याचे जार दुप्पट. श्रावणात कानबाईच्या रविवारी-सोमवारी नाव काढू नका. लग्नाची तिथी पंचांगात पाहा, आणि बँकेची सुट्टीही : शनिवारी रात्री कार्यक्रम केला तर रोकड सोमवारपर्यंत कुणाच्या तरी घरी राहते, आणि मग वर्षभर त्या घराची चर्चा होते. बुधवार-गुरुवार बरा.

परवानग्या

तिकीट लावणार असाल तर संहिता महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आधीच पाठवा, दोन महिने हाताशी ठेवून. पोलीस ठाण्याचं पत्र आणि लाउडस्पीकरची परवानगी वेगळी. मध्ये सिनेमाची गाणी वाजवली तर त्यांच्या हक्काचा परवाना लागतो. त्यापेक्षा एक ढोलकीवाला बसवा, स्वस्त पडतो आणि पंच उचलतो.

पैसे गोळा करणारी संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर ठीक. नसेल, नुसतं मंडळ असेल, तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, गणेश मंडळं घेतात तशीच. सोपा उपाय म्हणजे चांगला हिशोब असलेल्या जुन्या न्यासाच्या पावतीवर काम करणं.

तिकीट आणि झोळी यांची कधी मिसळ करू नका. तिकीट खर्चासाठी, झोळी कारणासाठी. नाटकासारख्या कार्यक्रमाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, आणि आपल्याला शंभर-दीडशेच्या वर जायचंही नसतं. तिकिटाची रक्कम देणगी धरली जात नाही, तिच्यावर करसवलत मागणाऱ्याला तिथेच नाही म्हणा. देणगीवरही सवलत हवी असेल तर न्यासाकडे ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी आयकर खात्याची नोंदणी हवी आणि दोन हजारांवरची रक्कम रोख घेऊन चालत नाही. हे पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावरच लिहून टाका, कारण ऐन गर्दीत स्वयंसेवक ते विसरतो.

कलाकाराचं मानधन आधी ठरवा आणि हिशोबात दाखवा. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून फुकट नाचवला की तिसऱ्या प्रयोगाला तो आजारी पडतो.

काय मागायचं

‘कॅन्सरग्रस्तांना मदत’ हे मागणं फार मोठं, म्हणून कुणालाच लागत नाही. डॅनी थॉमसची गोष्ट मुलांच्या कर्करोगाची, तर आपल्याकडचं त्याच जातीचं छोटं, मोजता येणारं काम शोधा. खानदेशातले पुष्कळ रुग्ण मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जातात. तिथे अडतं कुठे ते पाहा. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या माणसाला पाऊण. त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे तिकिटासाठी झोळी फिरवण्यात अर्थ नाही. उपचाराला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. उरतं ते मुंबईतलं राहणं, दोन वेळचं जेवण, योजनेबाहेरच्या औषधांचे किरकोळ खर्च आणि सोबत गेलेल्या माणसाची बुडालेली मजुरी. हेच मागा. ‘एका मुलाचं आणि आईचं मुंबईतलं एका दिवसाचं राहणं-खाणं’ असा एक भाग धरा, त्याची खरी किंमत तिथे फोन करून काढा आणि तोच आकडा मंचावरून सांगा. लोक भागांत देतात : कुणी एक दिवस, कुणी आठवडा.

रुग्णाला मंचावर आणू नका, नाव नको, फोटो नको.

झोळीची चार मिनिटं

इस्पितळ उघडल्याचा प्रसंग संपला की कलाकार सोंग उतरवतो. टोपी काढून ठेवणं पुरे. मग स्वतःच्या आवाजात चार गोष्टी सांगायच्या : पैसे कशासाठी, एका भागाची किंमत, किती भाग हवेत, हिशोब कधी आणि कुठे लागेल. तीनशे शब्द, त्याहून जास्त नाही. रडका सूर लावायचा नाही. तासभर हसलेल्या माणसाला अचानक रडवायला गेलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं. आयोजकाचं भाषण इथे घुसवू नका. सत्कार, शाल, नारळ, प्रायोजकांची नावं जे काय असेल ते कार्यक्रमाआधी, सगळं मिळून पंधरा मिनिटांत.

बोलणं संपताच झोळ्या निघतात, आणि कलाकार लगेच शेवटच्या आठ मिनिटांचा हशा सुरू करतो. शेवट झाल्यावर झोळी काढली तर निम्मी माणसं चपला शोधत असतात. हशा चालू असताना झोळी फिरली तर देणाऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि कमी देणाऱ्याला लाज वाटत नाही. पन्नास माणसांमागे एक झोळी, दोन स्वयंसेवकांची जोडी, एक बाई एक पुरुष असेल तर उत्तम. कापडाची झोळी घ्या, डबा नको; नाणी वाजली की विनोद तुटतो.

क्यूआर कोड न्यासाच्याच खात्याचा, कुणाच्या वैयक्तिक नंबरचा नाही. मोठा छापून खांबांवर लावा आणि कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी प्रत्येक कोडवर एक रुपया टाकून नाव कोणतं येतं ते पाहा, वर दुसराच कागद चिकटवलेला असू शकतो. तीनशे फोन एका जागी असले की नेटवर्क बसतं, म्हणून तोच कोड पत्रिकेच्या मागेही छापा. घरी जाऊन पाठवणारे पुष्कळ असतात.

मोजणी त्याच रात्री, उजेडात, तीन माणसांनी, त्यातला एक आयोजक मंडळाबाहेरचा. नोटांची वर्गवारी एका कागदावर, तिघांच्या सह्या, कागदाचा फोटो तिघांच्या फोनमध्ये. झोळीतला एकही रुपया मंडप किंवा चहावाल्याला द्यायचा नाही; तिकिटातून भागलं नाही तर तूट मंडळाने सोसायची. आठ दिवसांत पाच ओळींचा हिशोब चौकातल्या फळ्यावर : झोळी, क्यूआर, तिकीट, खर्च, दिलेली रक्कम. पैसे रुग्णाच्या हातात न देता शक्य तिथे धर्मशाळेला किंवा औषधाच्या दुकानाला थेट भरा आणि ती पावती त्याच फळ्यावर लावा.

सुरतेचा प्रयोग

डॅनी थॉमसने अल्सॅक उभी केली ती आपल्यासारख्याच घर सोडून आलेल्यांच्या पोरांच्या जोरावर. खानदेशाला त्याचं उत्तर सुरतेत आहे. उधना आणि लिंबायतमध्ये खानदेशी वस्ती मोठी, भुसावळ-सुरत गाडीने नंदुरबारमार्गे सरळ पोचता येतं. तिथे अहिराणी निवेदनातही वाढवा, जॅकची गोष्ट आठ मिनिटांपर्यंत चालते, आणि घरी नसणाऱ्या बापाच्या प्रसंगाला हॉल गप्प होतो, कारण रात्रपाळीचा बाप तिथे घरोघर आहे. यंत्रमागाच्या पाळ्या पाहून वेळ ठरवा; रविवारी सकाळी दहाचा प्रयोग तिथे रात्रीपेक्षा भरतो. परवानगी तिथल्या पोलिसांची, पावती आपल्या न्यासाची. परदेशी पासपोर्टवाल्या नातेवाइकाने पैसे देऊ केले तर न्यासाकडे विदेशी देणगीची नोंदणी असल्याशिवाय घेऊ नका. भारतीय पासपोर्टवर बाहेर राहणारा स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर अडचण नाही.

सुरतेचा हिशोबही गावच्या चौकातल्या त्याच फळ्यावर लावा, आणि त्याचा फोटो सुरतेच्या मंडळींना पाठवा.